मांसल वनस्पतींचा उंच वाफा : मुरूम कीं काळी माती ?

शेतकऱ्याच्या अंगणांत अलीकडे एक नवी हौस शिरली आहे. कोरफड, घायपात, तऱ्हेतऱ्हेचे निवडुंग, पानफुटी, जेड या नांवानें विकलें जाणारें दक्षिण आफ्रिकेंतील जाड पानांचें झुडूप, अशा पानांत किंवा खोडांत पाण्याचा सांठा करून राहणाऱ्या मांसल वनस्पति शहरच्या रोपवाटिकांतून खेड्यांत येऊं लागल्या आहेत, आणि त्यांच्याकरितां घरापुढें दगडाविटांचा उंच वाफा बांधण्याची चाल पडत चालली आहे. या हौशीला नांवें ठेवण्याचा आमचा मुळींच उद्देश नाहीं. ज्या प्रदेशांत चैत्र-वैशाखांत पिण्याचें पाणीहि टँकरनें आणावें लागतें, तेथें पंधरा पंधरा दिवस पाण्यावांचून राहणारीं झाडें लावणें हें शहाणपणाचेंच लक्षण होय. परंतु हे वाफे ज्या रीतीनें भरले जात आहेत ती रीत आम्हांस सर्वस्वी चुकीची वाटते. शिवाय ती चूक अंगणापुरती राहत नाहीं. तिच्यापायीं चांगल्या जमिनीचेंहि नुकसान होतें. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

सर्रास दिसणारी रीत अशी. विटांचे चार थर रचून होतात न होतात तोंच मालक शेतांतून उत्तम काळी माती आणवितो, तींत निम्मेंशिम्में शेणखत मिसळतो, तळाशीं निचऱ्यासाठीं म्हणून खडीचा थर अंथरतो, आणि वाफा कांठोकांठ भरून रोपें लावतो. पहिले सहा महिने रोपें अशीं कांहीं फोफावतात कीं पाहणाऱ्यानें थक्क व्हावें. मग मृगाचा पाऊस येतो, आषाढ-श्रावणांत झड लागते, आणि एके दिवशीं कोरफडीच्या गड्ड्याला हात लावावा तों तो बुडापासून सुटून वर येतो. खालीं मुळांच्या जागीं घाण वासाचा काळा लगदा असतो. मालक म्हणतो, रोपवाल्यानें फसविलें. आमचें म्हणणें असें कीं, रोपवाल्याकडे यांत कांहीं दोष नाहीं. रोप मेलें तें मालकाच्या मायेनें मेलें. शेतकऱ्याला जन्मभर एकच शिकवण मिळालेली असते : माती जितकी खोल, जितकी कसदार आणि जितकी ओल धरणारी, तितकें पीक चांगलें. रब्बी ज्वारीला हें खरें आहे, हरभऱ्याला खरें आहे. कोरफडीला नेमकें याच्या उलट खरें आहे.

याचें कारण या झाडांच्या राहणींत आहे. सामान्य झाड दिवसा पानांवरील सूक्ष्म छिद्रें उघडून हवा आंत घेतें, आणि त्याच वेळीं त्या छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. मांसल वनस्पतींपैकीं बहुतेकींनीं ही व्यवस्था उलटविली आहे. त्या रात्रीच्या गारव्यांत छिद्रें उघडून लागणारी हवा आम्लाच्या रूपानें सांठवून ठेवतात, आणि दिवसा दारें बंद करून सूर्यप्रकाशांत तिच्यावर आपलें अन्न शिजवितात. यामुळें त्यांचा पाण्याचा खर्च फार थोडा. मुळेंहि तशींच, खोल न जातां पृष्ठभागालगत पसरलेलीं. पाऊस पडला कीं निवडुंगासारख्या झाडास थोड्याच दिवसांत केसासारखीं नवीं मुळें फुटतात, तीं हातीं लागेल तेवढें पाणी शोषून घेतात, आणि जमीन सुकली कीं गळून जातात. अशा झाडाच्या बुडाशीं महिना महिना ओल राहिली तर मुळांना हवा मिळत नाहीं, तीं गुदमरतात, आणि मेलेल्या मुळांतून कुजविणारी बुरशी खोडांत चढते.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. या झाडांना पाऊसच सोसत नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. तसें असतें तर सह्याद्रींत एकहि मांसल वनस्पति उरली नसती. शिवनेरीच्या व आणखी कांहीं मोजक्या डोंगरांच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नांवाची एक लहानशी वनस्पति वाढते. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञानें तिचें शास्त्रीय वर्णन केलें, आणि १८६२ ते १८६७ या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रिअर यांचें नांव तिला दिलें. सह्याद्रीवांचून ती अन्यत्र आपण होऊन वाढत नाहीं. हिच्या माथ्यावर पावसाळ्यांत कांहीं थोडें पाणी कोसळत नाहीं. पण ती राहते कड्याच्या भेगेंत, ओंजळभर कचखडींत, आणि पडलेला पाऊस तेथें घटकाभरहि थांबत नाहीं. पाणी किती पडलें यापेक्षां तें किती वेळ थांबलें, यावर या झाडांचें मरण अवलंबून असतें. उंच वाफा बांधावयाचा तो एवढ्याचसाठीं, कीं सपाट अंगणांत त्या कड्याची भेग निर्माण व्हावी. वाफा म्हटला कीं पाणी अडविण्याची जागा, हा आपला नेहमींचा अर्थ. या कामापुरता तो विसरला पाहिजे.

आतां काळ्या मातीकडे पहा. तिचे कण इतके बारीक कीं पाणी लागतांच ती फुगते आणि तिच्यांतील पाणी जाण्याच्या वाटा बुजून जातात. सुकूं लागली कीं ती आकसून हातहात रुंद भेगा पडतात व त्यांत मुळें तुटतात. खरिपांतला पाऊस पोटांत धरून रब्बीचें पीक काढून देणें हा तिचा गुण. तोच गुण वाफ्यांत विष होतो. आणि ही माती येते कोठून ? शेताच्या वरच्या थरांतून, जेथें शेंकडों वर्षांचा पालापाचोळा, जीवाणू आणि कष्ट सांठलेले असतात. बारा फूट लांब, चार फूट रुंद आणि दीड फूट उंच अशा एका वाफ्यास ७२ घनफूट भरण लागते. सहा इंच जाडीचा थर काढला तर एवढ्या भरणीसाठीं १४४ चौरस फूट शेत खरवडावें लागतें. घरचा एक वाफा म्हणून कोणी हें हंसण्यावारी नेईल. पण शहरालगतच्या गांवीं बंगल्यांच्या आणि शेतघरांच्या बागांसाठीं काळी माती ट्रॉलीच्या हिशोबानें विकली जाते, हें वाचकांस ठाऊक आहेच. ब्रासभर मातीची एक ट्रॉली म्हणजे सहा इंच जाडीनें २०० चौरस फूट जमीन. सुमारें २१८ ट्रॉल्या गेल्या कीं एक एकर शेत कातडें सोलल्यासारखें उघडें पडलें. मिळालेले पैसे वर्षभर पुरतात किंवा पुरतहि नाहींत; तसला थर पुन्हां तयार होण्यास कित्येक पिढ्या लागतात. आणि इतकें करून ती माती जेथें जाते तेथें झाडें मारण्याच्या कामीं येते, हें पाहून वाईट वाटल्यावांचून राहत नाहीं.

तलावाच्या गाळाबद्दलहि हेंच. २०१७ सालीं सरकारनें गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू केली तेव्हांपासून गाळाचें महत्त्व लोकांस पटलें आहे, आणि हलक्या शेतांत गाळ पसरण्याचा आम्ही पुरस्कारच करतों. मात्र उरलेल्या दोन ट्रॉल्या अंगणांतल्या निवडुंगांसाठीं ठेवूं नयेत. गाळ म्हणजे सगळ्यांत बारीक कणांची माती. ती ज्वारीला द्यावी; निवडुंगाला माळावरचा मुरूम पुरे.

तळाच्या खडीचा प्रश्न थोडा बारकाईनें घेतला पाहिजे, कारण येथें जाणते लोकहि फसतात. खालीं खडी घातली म्हणजे निचरा होतो, ही समजूत इतकी दृढ आहे कीं तिच्याविरुद्ध बोलणें अनेकांस विचित्र वाटेल. वस्तुस्थिति अशी कीं, बारीक मातीखालीं एकदम मोठी खडी आली म्हणजे पाणी त्या सीमेवर थबकतें. मातींतल्या बारीक पोकळ्या पाण्याला घट्ट धरून ठेवतात. खडींतल्या मोठ्या पोकळ्यांना तें ओढून घेतां येत नाहीं. वरच्या मातीचा खालचा भाग पुरता तुडुंब झाल्याखेरीज पाणी खडींत उतरत नाहीं, आणि तो तुडुंब भाग नेमका मुळांच्या जवळ येतो. ज्याला हें पटत नसेल त्यानें घरांतला स्पंजाचा लांबट तुकडा पाण्यांत बुडवून आडवा धरावा. थेंब गळावयाचे थांबले कीं तोच तुकडा न पिळतां उभा करावा. पुन्हां धार लागेल. स्पंज तोच, पाणी तेंच. फक्त उंची वाढली म्हणून पाणी खालीं गेलें. वाफ्याचेंहि असेंच आहे. दीड फुटी वाफ्यांत अर्धा फूट खडी भरली तर निचरा वाढत नाहीं. भरणीची उंची मात्र फुटावर येते, आणि ओल तेवढी मुळांजवळ सरकते. यासाठीं तळापासून माथ्यापर्यंत एकच भरण असावी. खडीचे पैसे वांचवून त्यांत भिंत अर्धा फूट उंच करावी, हें उत्तम.

तळ कसा असावा हें खालच्या जमिनीवर आहे. मुरमाड अंगण असेल तर कुदळीनें वीतभर खणून मोकळें करावें, इतकें पुरे. काळें अंगण असेल तर तेथें खोदणें म्हणजे हौद करणें होय. पावसाचें पाणी त्या खड्ड्यांत उतरून राहील. अशा जागीं न खोदतां जमिनीवरच मुरूम टाकून, धुमसानें ठोकून, एका बाजूस उतार असलेला ओटा करावा व त्यावर वाफा उभारावा. उताराच्या अंगास भिंतीच्या बुडाशीं पाणी जाण्यास भोकें ठेवावीं. खालीं सिमेंटचा कोबा करूं नये आणि प्लास्टिकचा कागद तर मुळींच अंथरूं नये.

भिंतीविषयीं फारसें लिहिण्याजोगें नाहीं. शेतांतून वेंचून बांधावर टाकलेले दगड घेऊन बिनचुन्याची रचाई करावी. फुटाला इंचभर आंत कललेली भिंत भरणीचा रेटा सोसते, आणि दगडांच्या फटींतून वारा व पाणी दोन्हीं खेळतात. याच फटींत पानफुटी लावली तर शोभाहि येते. विटांची किंवा सिमेंटची भिंत करणाऱ्यांनीं दर तीन फुटांस भोक सोडण्यास विसरूं नये. लांकडी फळ्या वाळवीच्या धनी होतात. रुंदी चार फुटांहून जास्त नको, नाहींतर मधल्या निवडुंगापर्यंत हात पोंचवितांना कोपर सोलून निघेल.

भरणीचें आमचें प्रमाण पांच घमेल्यांचें आहे : तीन घमेलीं चाळलेला मुरूम, एक घमेलें भरड वाळू, एक घमेलें हलकी तांबडी माती. एवढ्यावर वर्षभर कुजून चहाच्या भुकटीसारखें झालेलें शेणखत पाव घमेलें, अधिक नाहीं. वर सांगितलेल्या वाफ्यास ७२ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासाहून किंचित् कमी भरण लागेल. तींत मुरूम सुमारें ४३ घनफूट, आणि वाळू व माती प्रत्येकीं साडेचौदा घनफुटांच्या आंत. भरण पहिल्या पावसांत बसते, म्हणून कांठाच्या वर मधोमध तीन बोटें फुगीर भरावी. वाळू आज महाग झाली आहे, आणि परवान्यावांचून ओढ्यांतून ती उपसणें हा गुन्हा आहे. तिच्या ऐवजीं पक्क्या भाजलेल्या विटांचा चुरा चालतो. खडीच्या गिरणीवरची कृत्रिम वाळूहि चालते, पण ती दोन पाण्यांनीं धुतली पाहिजे. तिच्यांतली भुकटी राहिली तर ती सिमेंटसारखी बसते.

मुरूम निवडणें हें सगळ्यांत महत्त्वाचें काम. सगळा मुरूम सारखा नसतो. कांहीं खाणींतला मुरूम दिसण्यांत कठीण, पण दोन पावसांत त्याचा चिखल होतो. मूठभर मुरूम रात्रभर पाण्यांत टाकावा. सकाळीं बोटांनीं चिरडतां आला तर तो रस्त्याला जाऊं द्यावा. टिकला तो चाळणीनें चाळून मुगाच्या दाण्यापासून मोठ्या हरभऱ्याएवढा भाग घ्यावा आणि भुकटी काढून टाकावी. भरण तयार झाल्यावर ओली करून मुठींत दाबावी. मूठ उघडतांच ती सुटून पडली तर काम साधलें. लाडू वळला तर आणखी मुरूम हवा. तळाशीं भोकें असलेल्या घमेल्यांत ती भरून वरून तांब्याभर पाणी ओतावें. पाणी पाहतां पाहतां दिसेनासें व्हावें. वर तळें सांचून राहिलें तर ती भरण वाफ्यांत घालूं नये, मग ती कोणीहि सांगितलेली असो, आमची कां असेना.

मुरमांत पोषण तें काय, असा प्रश्न हटकून येईल. फड्या निवडुंग अमेरिकेंतून आला आणि दख्खनच्या माळामाळांवर पसरला. त्याला कोणीं खत घातलें होतें? तो इतका माजला कीं १९२६ सालीं सिंहलद्वीपांतून किडा आणून दक्षिण हिंदुस्थानांत त्याचा बंदोबस्त करावा लागला. या झाडांना खत दिलें तर तीं वाढतात हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ती वाढ पाण्यानें फुगलेली, पातळ सालीची असते. तिच्यावर पिठ्या ढेकूण आधीं बसतो आणि पहिल्या झडींत तीच आधीं सडते. साखर कारखान्याची मळी, कोंबडखत आणि युरिया या तिन्ही वस्तु या वाफ्यापासून दूर ठेवाव्या.

लावणी पावसाळा सरतांना, दसऱ्याच्या सुमारास करावी, म्हणजे मुळें धरण्यास पुढें कोरडे महिने मिळतात. तोडलेला फुटवा किंवा फांदी सावलींत आठ दिवस ठेवून जखम सुकूं द्यावी. कोरड्या भरणींत लावून पहिलें पाणी आठवड्यानें द्यावें. मग हिंवाळ्यांत महिन्यांतून एकदां, उन्हाळ्यांत दहा-पंधरा दिवसांनीं, पावसाळ्यांत बिलकुल नाहीं. लावल्यावर झाडांच्या बुडाशीं इंचभर बारीक खडी पसरावी. खडीची खरी जागा ती, वाफ्याच्या माथ्यावर. तिनें खोडाचा गळा कोरडा राहतो. वैशाखांतलें पश्चिमेचें ऊन कोरफडीलाहि भाजतें, म्हणून वाफा घराच्या किंवा झाडाच्या पूर्वेस असला तर बरें.

कोणी म्हणेल, शेतीच्या मासिकानें अंगणांतल्या शोभेवर इतकीं पानें कां खर्चावीं ? यासाठीं, कीं अंगणांतली चूक शेतांत गेली कीं ती हजारांच्या घरांत जाते. ड्रॅगन फ्रूट हें फळझाड निवडुंगाच्याच कुळांतलें. २०२१ च्या जानेवारींत गुजरात सरकारनें त्याला कमलम् असें नांव दिलें. बारामतीजवळ माळेगांव खुर्द येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेनें उथळ, मुरमाड जमिनींत त्याच्यावर काम केलें आहे, आणि आपल्या दुष्काळी तालुक्यांतील कितीतरी शेतकऱ्यांनीं त्याची लागवड केली आहे. दहा फुटांवर खांब धरले तर एकरीं सुमारें ४३५ खांब व दर खांबास चार याप्रमाणें १,७४० रोपें लागतात. खांब, चक्र, ठिबक आणि रोपें यांचा खर्च पीक येण्यापूर्वींच होऊन जातो. हें झाड मूळचें मध्य अमेरिकेकडील जंगलांत दुसऱ्या झाडांवर चढणारें; त्यामुळें त्याला आपल्या कोरफडीपेक्षां खत आणि पाणी दोन्ही जास्त मानवतात, हा भेद लक्षांत ठेवावा. पण मुळें त्याचींहि उथळ, आणि तुंबलेलें पाणी त्यालाहि सोसत नाहीं. असें असून, माळरानावर रोपें नीट वाढणार नाहींत या भीतीनें कांहीं लोक त्यासाठीं मुद्दाम काळें रान निवडतात, सपाट सरी पाडतात, आणि उसाच्या हातानें पाणी सोडतात. आमचें स्पष्ट मत आहे कीं काळें रान या पिकास देऊंच नये. दुसरें रान नसलें तर निदान फूट-दीड फूट उंच व तीन-चार फूट रुंद गादीवाफा मुरूम मिसळून करावा, दोन गाद्यांमधल्या चरांना शेताबाहेर वाट काढून द्यावी, आणि मगच खांब पुरावे. हा खर्च ज्याला जड वाटेल त्यानें आधीं अंगणांत एक वाफा करून दोन पावसाळे पहावे.

कोंकणच्या वाचकांस वरील प्रमाण जसेंच्या तसें लागू नाहीं. तेथें जांभ्याची भिंत उत्तम, आणि जांभ्याचाच फोडलेला चुरा मुरमाच्या जागीं चालेल. परंतु भरण कितीहि मोकळी केली तरी चार महिन्यांची संततधार अनेक परदेशी जातींना जड जाते. त्यांनीं वाफा घराच्या पागोळीपासून दूर घ्यावा आणि ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत वर पारदर्शक पत्र्याचें छप्पर चढवावें, बाजू मोकळ्या ठेवून. तेवढा खटाटोप नको असेल तर कोरफड आणि घायपात यांवरच समाधान मानावें.

रोपें कोठून आणावीं, याविषयीं एक सूचना. शिंदळ माकुडी किंवा माकडशेंग पाहिली कीं ती उपटून घरीं आणण्याचा मोह गडावर जाणाऱ्या तरुणांस होतो. तें करूं नये. कड्यावरची झाडें मोजकीं आहेत. कोरफड मात्र कोणाच्या ना कोणाच्या परसांत असतेच. जुन्या गड्ड्याभोंवतीं वर्षाला कितीतरी फुटवे येतात, आणि ते न काढले तर मूळचें झाडच दाटींत पिवळें पडतें. ज्यांच्याकडे असा गड्डा आहे त्यांनीं येत्या दसऱ्याला तो मोकळा करून फुटवे शेजाऱ्यांस द्यावे, आणि देतांना सोबत घमेलेंभर चाळलेला मुरूमहि द्यावा.